ताई ज्या पानांवर हसली नाही

मी एक जुनी टोपली आहे, वेताची, लेखकाच्या टेबलाखाली तोंड वासून बसलेली. मित्रांनो, ज्यांना पटकन मळमळते त्यांनी माझी कहाणी जरा जपूनच ऐकावी.

टोपल्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला भिजवलेल्या वेतापासून घडवले. त्याच्या अंगणात वाळत असताना मी फुलांची स्वप्ने पाहिली. नशिबी आली ती पेन्सिलींची सालपटे, चोखून टाकलेल्या संत्र्याच्या फोडी आणि सर्दीने चिकट झालेले कागदी रुमाल. त्यांची किळस मला आता येत नाही. येते ती शाब्दिक कोट्यांची.

माझा मालक कोट्यांसाठी प्रसिद्ध होता. त्याच्या कथेत कुणी सरळ जेवत नसे, सरळ रडत नसे. प्रत्येक शब्दाची शेपटी पिरगळून तो त्याला नाचायला लावी. लोक टाळ्या देत. मला मात्र कुणी आपला चघळलेला घास दुसऱ्याच्या ताटात ठेवावा, तसे वाटे.

घरात दोघेच, तो आणि त्याची थोरली बहीण. कथा लिहून झाली की तो ती ताईला वाचून दाखवी. ती खिडकीपाशी मान खाली घालून उसवलेले कपडे शिवत ऐके. ती हसली की पान टेबलावर राही. गप्प राहिली की चुरगळून माझ्या पोटात. काय छापायला जाईल, ते तिच्या हसण्यावर ठरे.

या रीतीमागचे कारण मी ऐकले आहे. भेटीला आलेल्या वाचकांनी एकदा त्याला विचारले, तुम्ही का लिहिता? ताई आत चहा करीत होती, म्हणून तो खरे बोलला. लहानपणी आई अंथरुणाला खिळली आणि घर बोलेनासे झाले. ताई तर दिवसचे दिवस मुकी असे. एकदा त्याने औषधाच्या बाटलीवर काहीतरी कोटी केली आणि ताई फिसकन हसली. "तेव्हापासून मला गप्प घराची भीती वाटते," तो म्हणाला.

पण मित्रांनो, माझ्या पोटात काय येऊन पडत होते, ते मीच जाणे. आईच्या उशाखालचा कंगवा. तिच्या केसांतला गुंता हळू सोडवणारा ताईचा हात. कोटी नसलेली, साधी, ओली पाने. झाडणारी बाई सकाळी ती सालींसकट ओतून देई.

मग ताईला कमी ऐकू येऊ लागले. हळूहळू सगळेच जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. तिने भावाकडे एकच मागितले: आईची गोष्ट लिही, आणि मला ऐकू येते आहे तोवर वाचून दाखव.

त्याने जीव ओतून लिहिले. एका दुपारी खुर्ची तिच्या कानाशी ओढून तो वाचू लागला. पहिल्या पानाला ताई गप्प. ते माझ्यात आले. दुसरेही आले. तो घाबरला, आणि तिसऱ्या पानावर त्याने आपले नेहमीचे हत्यार काढले: "आईचा श्वास सुटला, आणि डॉक्टरांवरचा विश्वासही." मग तो ताईच्या तोंडाकडे बघत थांबला, तुकड्याची वाट पाहणाऱ्या कुत्र्यासारखा.

मला ओकारी आली. टोपलीला ओकता येत नाही, हे माझे दुर्दैव.

ताईने सुई कापडात खोचली.

"आई गेली ना रे यात?"

"हो."

"मग मी हसायचं कुठे होतं?"

"तू गप्प होतीस. मला वाटलं, आवडलं नाही तुला."

"वेड्या, रडू आवरत होते मी. असं आजवर काय काय फेकलंस तू?"

तो खाली बसला. त्याने माझ्यात कोपरापर्यंत हात घातला, सालींतून, चिकट रुमालांतून. सापडली ती त्या दुपारची दोन पाने. बाकीची केव्हाच गेली होती. ती दोन त्याने मांडीवर सपाट केली, संत्र्याचा रस बाहीने पुसला आणि पुन्हा वाचू लागला. ताईच्या डोळ्यांना धार लागली तशी त्याची जीभ अडखळली.

"थांबू नकोस," ताई म्हणाली. "ऐकू येतंय अजून."

तिसरे पान तेवढे माझ्यात आले, बुळबुळीत आणि गोडसर. आता रोज माझ्या वाट्याला असलेच कोट्यांचे घास येतात. किळस येते, पण गिळते. मित्रांनो, तुमचे लिहिलेले ऐकून कुणी गप्प झाले, तर पान चुरगळण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे एकदा पाहा. आम्हा टोपल्यांना काहीही भरवले तरी आम्ही नाही म्हणू शकत नाही.