होडीपुरते केस

"माझे घ्या की, बाबा! कमरेपर्यंत आलेत," चिनात्सूने वेणी पुढे ओढून दाखवली.

"फळ्या ओल्या आहेत अजून," तोमेकिची लेकीकडे न बघताच म्हणाला.

समुद्राचं पाणी उंबऱ्याला लागतं अशा त्या तळमजल्यावर होडी कधीची अडून बसली होती. बस चालवून घरी आलं, की तोमेकिची तीच बांधायला बसे. कडांवर घरातलं धुणं वाळे, पोटात कांद्यांची पोती. आता राहिला होता फक्त होडीचा जीव. डोलकाठीच्या बुडाशी कोरलेल्या खोबणीत घरधनिणीचे केस ठेवून वर झाकण ठोकायचं. त्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, असा गावचा रिवाज. आणि त्याच्या बायकोचे, फुसाएचे केस तर कॅन्सरच्या औषधांनी पार गेलेले. दुसऱ्या कुणाचे घातले तर बायकोच्या नावावर आपल्याच हाताने फुली मारल्यासारखं होईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. ते बोलून दाखवायची छाती नव्हती, म्हणून फळ्या ओल्या.

फुसाएने भलताच अर्थ काढला. तपासणीत आता कॅन्सर उरलेला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच संध्याकाळी ती डोक्याला रुमाल बांधून जिना उतरली.

"अहो, मी काही हिच्यात बसायला उरत नाही, असं वाटलं म्हणून काम थांबवलंत ना?"

"काहीतरीच काय!"

"मग? या फळ्या वाळेनात, तोवर घरातले मासे वाळून खाऊनसुद्धा झाले!"

तोमेकिचीने मान खाली घातली. "मला तुझेच केस हवेत. येईपर्यंत थांबणार होतो."

"मग बोलायला काय धाड भरली होती? मी वर उशीत तोंड खुपसून रडतेय, अन् हे खाली माझ्या केसांची वाट बघत बसलेत!" आणि रडता रडता ती हसायलाच लागली.

तिने रुमाल सोडला. जन्मभर सरळ केसांची बाई. आता पेरभर, पांढरे, कुरळे केस उगवले होते.

"मेंढीसारखे दिसतायत," तो म्हणाला.

"असू देत. कात्री घ्या."

तोमेकिचीने कात्री आणली, पण ते पेरभर केस कापायला त्याचं मन धजेना; शेवटी ती तिनेच चालवली. चिमूटभर केस कागदात गुंडाळून त्याने खोबणीत ठेवले, झाकण ठोकलं.

फुसाए तेवढ्यात होडीत चढलीसुद्धा. "आधी हे कांदे उचला," ती म्हणाली, "मला पाय ठेवायला जागा नाही."