मालकिणीच्या हयातीपर्यंत

मित्रांनो, मी केस वाळवायची खुर्ची आहे. जुनी आहे, आणि मला बघून तुमच्या तोंडून 'अरेरे' निघणार असेल तर ते आपल्यापाशीच ठेवा. 'अरेरे'वाल्यांचा मला वीट आला आहे. आधी वर्षानुवर्षं ढुंकून बघायचं नाही आणि मग एके दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून डोळे ओले करायचे, ही माणसांची रीत मला चांगली ठाऊक आहे.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. डोक्यावर चकचकीत पत्र्याचा टोप, टोपात पंखा आणि तापणारी तार, खाली लाल रेक्झिनची बैठक. मिजास अशी, की एखाद्या बड्या हॉटेलाखेरीज मी कुठे जाणार नाही असं धरूनच चालले होते. जावं लागलं अलाबामातल्या टॉलिव्हर गावी, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, मिस ओझेला मॅक्रे यांच्या केसांच्या दुकानात. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही आली. ती पहिल्यापासून आळशी. तिच्याबद्दल पुढे बोलावं लागणार आहे, माझा इलाज नाही.

दुकानात यायच्या त्या सगळ्या काळ्या बायका. आठवडाभर गोऱ्यांच्या घरी फरश्या पुसायच्या, त्यांची पोरं सांभाळायची, आणि शनिवारी आमच्याकडे येऊन रविवारच्या चर्चसाठी केस बसवून घ्यायचे. लोखंडी कंगवा शेगडीवर तापायचा, तेलाचा वास सुटायचा, आणि न्हालेली एकेक बाई माझ्या टोपाखाली येऊन बसायची. टोपाखाली बसलं की बायका ओरडून बोलतात, कारण माझा आवाज मोठा आहे. कारखानदाराने जाहिरातीत 'जवळजवळ निःशब्द' असं छापलं होतं. खोटारडा मेला.

त्या काळी टॉलिव्हरमध्ये काळ्या माणसाला मत होतं, पण कागदावर. मतदारयादीत नाव नोंदवायला कोर्टात गेलं की तिथला कारकून राज्यघटनेतलं एखादं लांबलचक कलम पुढे टाकायचा आणि म्हणायचा, वाच, आता अर्थ सांग. आईच्या वयाच्या बाईलाही हा 'तू'च म्हणायचा. अर्थ कितीही बरोबर सांगा, हा मान हलवून घरी धाडायचा. त्याला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे मला मिसेस क्लिओटा बँक्स यांच्याकडून कळलं. त्या त्याच्याच घरी स्वयंपाकाला होत्या आणि त्याची अक्कल रोज जेवणाच्या टेबलाशी बघत होत्या.

नाव नोंदवायला नुसतं गेलं तरी दुसऱ्या दिवशी नोकरी जायची. शाळेतल्या मास्तरणींची गेली, मोलकरणींची गेली. पण मिस ओझेलांना काढणार कोण? गोरं गिऱ्हाईक त्यांच्याकडे एकही नव्हतं. म्हणून त्यांनी दुकानातच वर्ग काढला. केस न भिजवताच बाईला माझ्याखाली बसवायचं, माझा खटका दाबायचा, आणि टोपाच्या काठाशी तोंड नेऊन कलम शिकवायचं. मी घोंघावत असले की हातभर अंतरावर शब्द ऐकू येत नसे. बाहेर शेरीफचा, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाचा, माणूस दातकोरणी चावत खिडकीशी उभा असायचा. बायका केस करताहेत, त्यात ऐकण्यासारखं काय असणार, असं त्याला वाटायचं. त्याच्या त्या तुच्छतेने आम्हाला जेवढं सांभाळलं, तेवढं कुठल्याही कायद्याने सांभाळलं नाही.

कोरड्या डोक्यांवर मी इतका गरम वारा सोडायचे की बायकांच्या टाळूची सालं निघायची. कुरकुर कोणी केली नाही. मिसेस क्लिओटा तर डोक्याला लोणी चोळून यायच्या, म्हणजे तळलेल्या मासळीसारखा वास यायचा आणि मला शिंका आल्यासारखं व्हायचं.

शेवटी कोणीतरी चुगली केली. दुकानाच्या दारात शेरीफचा तोच माणूस येऊन उभा राहिला आणि मिस ओझेलांना म्हणाला, "दुकान बंद कर, ओझेला. तुझ्या भल्याचं सांगतोय." त्यांनी पुढच्या बाईला आत घेतलं. त्याच आठवड्यात खिडकीतून रॉकेलची पेटती बाटली आत आली. पुढची भिंत गेली, छत अर्धं गेलं, माझी लाल बैठक जळून कोळसा झाली आणि टोपाला पोचा आला. कोणाला पकडलं? कोणालाही नाही. कोर्ट शंभर पावलांवर होतं आणि त्याच्या संगमरवरी खांबांना साधी काजळीही लागली नाही.

मिस ओझेलांचे यजमान ल्यूथर (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस' म्हणतात) आणि चर्चमधले सुतार यांनी सिमेंटच्या ठोकळ्यांची नवी भिंत उभी केली. खिडकी मुद्दाम उंच आणि लहान ठेवली. मला हिरवी बैठक बसवली, नवी वायर घातली, आणि टोपाचा पोचा हातोडीने ठोकून काढला. पुढच्या रविवारच्या आत दुकान उघडलं. पुढे मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, त्या सगळ्या बायकांची नावं यादीत चढली, आणि मतदानाच्या दिवशी त्यांचे केस मी वाळवले. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, हे सांगायला मी लाजत नाही.

त्यानंतर आम्हाला कोणी विचारलं नाही. पोरी मोठ्या झाल्या, केसांच्या तऱ्हा बदलल्या, हायवेवर आरशांची झगमगीत दुकानं निघाली. ल्यूथर गेले. माझी बहीण एके दिवशी बंद पडली ती पडलीच, तिला मागच्या खोलीत झाडूंच्या सोबतीला ठेवलं. मी मात्र चालत राहिले. छत गळायचं, मिस ओझेला माझ्या टोपाखाली बादली ठेवून घरी जायच्या. एवढी वर्षं ना कोणी विद्वान आला, ना खासदार, ना कॅमेरेवाले. तेव्हा आमच्यात इतिहास नव्हता बहुतेक.

मग अचानक आला. मिसेस क्लिओटा वर्तमानपत्र घेऊन आल्या आणि म्हणाल्या, वॉशिंग्टनला संसदेत विधेयक मांडलंय, आपल्या गावात राष्ट्रीय उद्यान होणार. मला झाडं आणि हरणं वाटली. पण तसं नव्हतं. हक्कांची लढाई जिथे झाली त्या जागा सरकारने ताब्यात घेऊन जपायच्या, त्याला तिकडे उद्यान म्हणतात. आणि टॉलिव्हरमधली कुठली जागा विधेयकात नावाने घातली होती? कोर्ट! ज्या कोर्टाने बायकांना परत धाडलं ते जपायचं. आणि तिथे येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला आमची गल्ली साफ करायची. नकाशावर आमच्या दुकानावर गाड्यांसाठी पांढरे पट्टे आखले होते.

मिस ओझेला तेव्हा सत्याऐंशीच्या होत्या. त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ धरून पाहिला, घडी केली आणि म्हणाल्या की आपल्याला काही स्मारक नको, आपल्याला सोमवारी दुकान उघडायचंय. पण तेवढ्यासाठीही दुकान नकाशात जपायच्या जागांभोवती आखलेल्या रेघेच्या आत यायला हवं होतं. त्यांनी खासदारांच्या कचेरीत फोन करकरून तिथल्या पोरांना भंडावून सोडलं. अखेर दोघंजण जागा बघायला आले.

एक होते डॉक्टर प्रेंटिस. औषधाचे नव्हेत, जुन्या इमारतींचे. दुसरा खासदारांचा माणूस, टेट नावाचा, कोवळा, केसांना चोपडलेलं तेल आणि हातात फोन. डॉक्टरांनी पुढच्या भिंतीवर टिचकी मारली आणि चेहरा पाडला. ही मूळची नाही, म्हणाले. मिस ओझेला म्हणाल्या, मूळची जाळली. यावर डॉक्टरांनी समजूत घालण्याच्या सुरात सांगितलं की अडचण नेमकी तीच आहे, जळकी भिंत तशीच ठेवली असती तर जागेचा अस्सलपणा टिकला असता. कोर्ट कसं, जसंच्या तसं आहे, एक दगड हललेला नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला संताप येतो तो तारेत येतो. बंद असूनही माझी तार तापली असेल त्या वेळी. ज्यांनी जाळलं त्यांची इमारत धडधाकट, म्हणून ती अस्सल. जिचं जळलं तिने डागडुजी केली, म्हणून ती नकली. एवढं शहाणपण शिकायला माणूस विद्यापीठात जातो!

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. हिरवी बैठक, ठोकलेला टोप, बदललेली वायर. त्यांनी नाक मुरडलं आणि मागच्या खोलीत गेले. तिथून जो आनंदाचा चीत्कार ऐकू आला तो माझ्या बहिणीसाठी होता. ती आगीत कोपऱ्यात होती, तिला झळ लागली नव्हती. लाल रेक्झिन मूळचं, टोप मूळचा, आणि बंद पडल्यामुळे कोणी हात न लावलेली. हिला कोर्टाच्या दालनात काचेत ठेवू, म्हणाले. जन्मभर आळस केला त्याचं हे फळ. त्या वर्गात ती निम्म्या वेळा चालूच होत नव्हती हो!

मिस ओझेलांनी टेटला हाक मारली. "बाळा, इकडे ये. बस खाली." तो बसला. त्यांनी माझा टोप त्याच्या तेलकट डोक्यावर ओढला आणि खटका दाबला. माझ्या अंगात जेवढा जोर होता तेवढा मी लावला. मिस ओझेला काठाशी वाकून त्याला काहीतरी सांगू लागल्या. डॉक्टर प्रेंटिस दोन पावलांवर उभे होते, कानामागे हात धरून, आणि त्यांना काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. मी तर ऐकत होते. त्या राज्यघटनेचं तेच कलम म्हणत होत्या, सबंध, एकही शब्द न अडता. टेट हसत बसला होता, तो हळूहळू हसायचा थांबला. टाळू भाजली असावी, पण उठला नाही.

खटका बंद केल्यावर तो म्हणाला की दुकान रेघेच्या आत घ्यायला आपण खासदारांना सांगू, भिंत मूळची असो वा नसो. डॉक्टरांनी नाइलाजाने मान डोलावली. मात्र जागा सरकारकडे आली की नियम लागू होतात, ते म्हणाले. ओलावा नको, उष्णता नको, विजेचा जुना जोड नको, गिऱ्हाईक तर मुळीच नको. सगळं दोरीच्या आत, हात न लावता. आणि मग अत्यंत आदराने, मान किंचित झुकवून ते म्हणाले, "मिस ओझेला, आपल्याला विनंती एवढीच, की आता दुकान बंद करा."

मिसेस क्लिओटांनी हातातलं मासिक खाली ठेवलं. मिस ओझेला फणी पुसत होत्या. त्या पुसून झाल्यावर म्हणाल्या, "जाळायला आले ते म्हणाले, दुकान बंद कर. जपायला आलात ते तुम्ही म्हणताय, दुकान बंद करा. एवढ्या वर्षांत एक 'आ' तेवढा मिळाला मला."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. टेटने फोन खिशात घातला आणि खाली मान घालून बाहेर गेला.

पुढचं सगळं मिसेस क्लिओटांनी वाचून दाखवलं, कारण संसदेत माझ्यासारख्यांना बसायला देत नाहीत. विधेयक एका समितीतून दुसऱ्या समितीत गेलं, तिथे निजलं, निवडणूक झाली, पुन्हा उठलं. एवढ्या वेळात सुतारांनी भिंत बांधून पाडून पुन्हा बांधली असती. शेवटी कायदा झाला. कोर्ट आत, आमचं दुकान आत, गाड्यांची जागा हायवेकडे सरकली. आणि टेटने म्हणे हट्टाने घालून घेतलेलं एक वाक्य त्यात होतं: मालकिणीच्या हयातीपर्यंत दुकान चालू ठेवता येईल.

गावात बँड वाजला. भाषणं झाली. कोर्टातल्या त्या कारकुनाच्या नातवाने फीत धरली होती, आणि तोंडभर हसत होता. सगळे म्हणाले, केवढा विजय! मी मात्र ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. हयातीपर्यंत. म्हणजे ज्या दिवशी मिस ओझेला जातील, त्या दिवशी माझा प्लग काढतील, अंगावरून मऊ फडकं फिरवतील, पुढे दोरी बांधतील आणि म्हणतील, बघा, जपली. एक म्हातारी बाई मरायची वाट बघणारा कायदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मिस ओझेला एक्याण्णवाव्या वर्षात आहेत. गुडघे धरलेत, बोटं वाकडी झालीत, पण सोमवार ते शनिवार येतात. गिऱ्हाईक असो नसो, माझा खटका दाबतात आणि जरा वेळ मला चालू ठेवतात. उद्यानाची एक टोपीवाली मुलगी रोज दारात येऊन अदबीने तब्येत विचारते. मुलगी वाईट नाही. पण मिस ओझेला तिला रोज एकच सांगतात, "अजून आहे गं. बघून घे आणि जा."

तर मित्रांनो, तुम्हाला वस्तू जपायच्या असतात ना? मग एवढं ऐका. सहलीला येऊन माझ्यासमोर दोन बोटं दाखवून फोटो काढलात म्हणजे मला जपलंत असं मुळीच नाही. माझ्या बहिणीपुढे काढा, ती काचेत मजेत आहे. मला जपायचं असेल तर डोकं भिजवून या, खाली बसा, आणि कलम पाठ करा. घाई करा. आज सकाळी मिस ओझेला खटक्यापर्यंत हात नेताना तीनदा थांबल्या.