दोन नारिंगी, तीन पांढरे

त्या दिवशी कचेरीत कुणी काम करत नव्हतं. त्यात नवल काही नाही, ते रोजचंच. नवल हे, की सगळे एका बंद कॉम्प्युटरपुढे हात जोडून उभे होते.

सतरा दिवसांपूर्वी हेडक्लार्क याच टेबलाशी छातीत कळ येऊन कोसळले आणि गेले. तेव्हापासून त्यांचा कॉम्प्युटर सुरू होईना. पडदा काळा ठिक्कर, फक्त बटणाजवळचा दिवा लुकलुकायचा. दोनदा नारिंगी, तीनदा पांढरा. जरा थांबायचा, की पुन्हा तेच.

साहेबांनी आपले बाबा आणले. बाबा डोळे मिटून गुरगुरले, "आत्मा अडकलाय! नारिंगी म्हणजे कोप. पांढरा म्हणजे घरातली पांढऱ्या पायाची बाई! 'पित्त असेल, निघा आता' म्हणून हिनंच धाडलं त्याला!"

ती बाई, हेडक्लार्कची बायको, समोरच उभी होती. सगळे तिला वहिनी म्हणत. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळायची होती. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. त्या सकाळी नवऱ्यानं छातीत जळजळतंय म्हटल्यावर ती खरंच तसं म्हणाली होती, आणि रडता रडता साहेबांना सांगूनही बसली होती. पण बाबांच्या तोंडून तेच शब्द ऐकल्यावर तिला सगळं खरंच वाटलं. रोज येऊन ती दिव्याची माफी मागायची, आणि दिवा रोज रागावलेलाच!

आज बाबांना पुन्हा बोलावून साहेबांनी कागद पुढे सरकवला. "नोकरी नको असं लिहून द्या, वहिनी. त्याला शांती मिळेल." त्या जागेवर साहेबांचा मेहुणा बसणार, हे मात्र दिवा बोलला नव्हता.

वहिनीनं पेन उचललं. तेवढ्यात साहेबांचा कॉम्प्युटर साफ करायला आलेली दुरुस्तीवाली दारातच थबकली.

"दोन नारिंगी, तीन पांढरे? अहो, मेमरीची पट्टी निखळलीय! मशीनच्या पुस्तकात छापलंय तसं."

"हेडक्लार्कचा आत्मा आहे त्यात, या पांढऱ्या पायाच्या बाईवर कोपलेला! हात लावशील तर पाप लागेल!" बाबा ओरडले.

"मला रोजच लागतं. सरका."

तिनं झाकण उघडलं. बाजूच्या पत्र्याला पोचा होता. "इथंच कोसळले ना ते? पडताना त्यांचा गुडघा आपटला असणार." पट्टी काढून तिनं खोडरबरानं पुसली, खटकन बसवली. पडदा उजळला.

"मुक्ती मिळाली!" बाबांनी लगेच सूर बदलला.

"अस्सं?" ती साहेबांच्या टेबलाशी गेली, त्यांच्या मशीनमधली पट्टी उपसली आणि बटण दाबलं. दोन नारिंगी, तीन पांढरे.

"साहेब, तुम्ही कधी वारलात?"

कुणीतरी फिसकन हसलं. दुरुस्तीवाली बाबांकडे वळली. "आणि बाबा, यांच्या घरातली पांढऱ्या पायाची कोण, तेही सांगून टाका!" बाबा तोवर चपला शोधू लागले होते.

"मशीन बंद पडलं तर झाकण उघडून बघावं," दुरुस्तीवाली सगळ्यांना म्हणाली. "एवढी डोकी आहेत इथं, एकालाही सुचू नये? बाईला उभं करून जाब काय विचारता!"

दिवा मुका झाला. 'पित्त असेल' मात्र वहिनीला ऐकू येतच होतं. ते कुठलीही पट्टी बसवून थांबणार नव्हतं.

"झालं गेलं विसरा, वहिनी," साहेब पुटपुटले.

वहिनीनं कागद टराटरा फाडला. "इतके दिवस त्यांच्या नावावर मला शिव्या घातल्यात. आता एक तरी स्वतःच्या तोंडानं घाला."

साहेब वाकून कागदाचे तुकडे गोळा करू लागले. तिनं नवऱ्याची खुर्ची ओढली आणि बसली.