कव्हरावरचं कव्हर

मी एक जुनं सीट कव्हर आहे. जुनं म्हणजे फार नाही, दोन वर्षांचं; पण मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हांला तेही पटायचं नाही. मी कुठं उसवलो नाही, कुठं भेगाळलो नाही. माझ्यावर कधी चहा सांडला नाही, की चिखलाचा पाय पडला नाही. लोक म्हणतात, वा, काय जपलंय! मला ते ऐकून शिसारी येते. सीट कव्हराचा जन्मच मुळी घाण व्हायला असतो. माझ्या अंगावर सगळा मिळून एक डाग आहे, आणि तोही मालकानं घासून घासून काढायला बघितला. त्या डागाची हकिकत तुम्हांला सांगतो.

परळीत आश्रुबाचं दुकान आहे. नव्या गाड्यांना लागणारं सगळं सामान तो विकतो आणि कव्हरं स्वतः मशीनवर बसून शिवतो. बिस्किटाच्या रंगाचं रेक्झिन, आत बोटभर फोम आणि कडेनं तपकिरी दोरा, असा मी त्याच्या हातून घडलो. शेवटचा टाका घालून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "जा लेका," म्हणाला, "आता लोकांची ढुंगणं सोस." मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आपण कशासाठी आहोत हे पहिल्याच दिवशी कळणं, हे काय कमी भाग्य आहे?

माझे मालक राजेश्वरशेठ. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. परळीच्या वीजकेंद्राची राख तुम्हांला ठाऊक असेल, वारा सुटला की घराघरात येऊन बसते. राजेश्वर लहान असल्यापासून दिवसातून दोनदा दुकानातली सगळी भांडी पुसायचा. एखाद्या तांब्यावर राखेचं बोट उमटलेलं दिसलं, की त्याचे वडील, भीमाशंकरशेठ, गिऱ्हाइकासमोर त्याच्या कानाखाली वाजवायचे. वडील गेले, पण फडकं काही हातातून सुटलं नाही. घरात रिमोट पिशवीत, फ्रीजला झालर, सोफ्यावर चादर आणि चादरीवर टॉवेल. मला या माणसाचा राग येतो, पण त्याची ही बाजू लपवली तर मी खोटा ठरेन.

गाडी त्यानं घेतली ती आईसाठी. निदान सांगत तरी तसंच होता. आई नीलाबाई वडवणीच्या अंगाला शेतात राहायची. परळीच्या घरी यायला तयार नव्हती, म्हणायची, "तुज्या घरात बसायची भीती वाटती बाबा, कुठं बोट लागंल सांगता येत न्हाई." डांबरी रस्त्यावरच्या फाट्यापासून तिच्या घरापर्यंत तीन किलोमीटर पाणंद, दोन्ही बाजूंनी काळं रान. पावसाळ्यात तिथं साधी कार रुतून बसते. म्हणून राजेश्वरनं ही उंच, चारही चाकं ओढणारी, चिखलातून चालणारी गाडी घेतली. "आईला कधी काय झालं तर दारापर्यंत जाता आलं पायजे," असं त्यानं अख्ख्या बाजारपेठेत सांगितलं होतं. पेढेही वाटले.

मग गाडीच्या रक्षणाचं सामान निवडायला तो बायकोला, प्रणिताला घेऊन आश्रुबाकडे आला. मी तेव्हा खुंटीवर टांगलेला होतो. सगळं ऐकलं.

"शेठ, आधी वढायचा पट्टा घ्या," आश्रुबा म्हणाला. "आन् इंजिनाखाली जाड पत्रा. चिखलात दगूड बसतो खालून."

"चिखलात कावून घालायची बे?" राजेश्वर म्हणाला. "नवी कोरी गाडी हाय."

"मग घेतली कावून?" प्रणिता म्हणाली.

आश्रुबा खाली मान घालून हसला. राजेश्वर नाही हसला. त्यानं पट्टा घेतला नाही, पत्रा घेतला नाही. बोनेटला पारदर्शक फिल्म घेतली, दारांच्या कडांना रबर घेतलं, पायाखालच्या मऊ मॅट घेतल्या, चढायला चकचकीत पायरी घेतली आणि तिच्यावरचा कागद तसाच राहू दे म्हणाला. हात लावून, वास घेऊन, उजेडात धरून मला पसंत केलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर मी चढलो. आईची जागा. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथाच्या देवळासमोर गाडीची पूजा झाली. नीलाबाई एसटीनं आली होती. पंचाहत्तरीची, बारकी, पण तोंडाचा पट्टा असा, की फुलंवाल्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांची चौकशी करून झाली. ओली हळद घेऊन तिनं बोनेटवर स्वस्तिक काढलं. तिथं फिल्म होती म्हणून राजेश्वर काही बोलला नाही. मग तो म्हणाला, "आई, बस. पहिली तू बस."

गाडी उंच. म्हातारीनं पायरीवर पाय दिला तर कागदावरून चप्पल सटकली. पडणारच होती. तिनं झटकन उजवा हात पुढं टाकला आणि माझी कड घट्ट धरली. हळदीचा हात! पाच बोटं माझ्या अंगावर उमटली, अंगठ्यासकट. मित्रांनो, खरं सांगतो, माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी तेवढ्या विश्वासानं धरलेलं नाही.

"आई! काय केलंस हे!" राजेश्वर ओरडला. "डोळे फुटले का तुजे? नवं कव्हर! रानात बसायची सवय, हिला गाडीत बसवायचं म्हंजे..."

देवळासमोर माणसं होती. सगळी बघायला लागली. प्रणिता म्हणाली, "अहो, हळू बोला की." नीलाबाईनं हात मागं घेतला आणि लुगड्याला पुसला. मग तिनं पदर ओढून सीटवर अंथरला, त्याच्यावर कडेला टेकली आणि फाट्यापर्यंत तशीच अंग चोरून बसून राहिली. फाट्यावर त्यानं तिला उतरवलं. चिखल नव्हता त्या दिवशी, फुफाटा होता. तरी त्यानं गाडी आत घातली नाही. ती चालत गेली.

डाग काढायला त्यानं काय काय केलं! शाम्पू झाला, लिंबू झालं, टूथपेस्ट झाली. हळद जाते थोडीच? शेवटी तो मला घेऊन आश्रुबाकडे गेला.

"याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर शिव."

"कव्हराला कव्हर?" आश्रुबानं विचारलं. "शेठ, मग ह्या कव्हराचा उपयोग काय?"

"तू शिव."

शिवलं. जाड, पिवळट प्लॅस्टिक. त्या दिवसापासून मला वारा लागला नाही. माणूस बसला की त्याची ऊब यायची, पण अंग लागायचं नाही. गाडी लग्नांना गेली, बीडला गेली, अंबाजोगाईला गेली. लोक दार उघडून बघायचे आणि म्हणायचे, शेठ, शोरूममधनं आत्ताच काढली की काय? राजेश्वर सुखावून जायचा. शेताकडे गेला, की फाट्यावर गाडी लावून हॉर्न वाजवायचा. नीलाबाई तीन किलोमीटर चालत यायची, शेंगा नाहीतर भाजी घेऊन. पिशवी खाली बुडाला पुसून मग हातात द्यायची. "बस की दोन मिनिटं आत," तो म्हणायचा. "नगं बाबा," ती म्हणायची, "पाय भरल्यात माजे." आणि खिडकीशी उभ्याउभ्याच बोलायची.

मग गेल्या भाद्रपदात झड लागली. तीन दिवस सारखी भुरभुर. चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला शेतावरच्या गड्याचा, गहिनीनाथचा फोन आला. राजेश्वर गाडीत बसतच होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मालक, आईचं तोंड वाकडं झालंय. चहा ठिवायला उठल्या आन् आत्ताच पडल्या. उजवा हात उचलंना. बोलायला जातेत तर नुस्ता आवाज निघतोय. बिगी या."

एका गोष्टीबद्दल शंका घेऊ नका, मित्रांनो: त्या दिवशी तो जीव खाऊन गाडी चालवत आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई, आई" म्हणत होता. साडेआठला आम्ही फाट्यावर पोचलो. पुढं पाणंद. काळा चिखल, कडेनं पाणी, मधे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. गाडी थांबली. मी म्हटलं, आता घालेल. याच्यासाठीच तर घेतली.

त्यानं चिखलाकडे बघितलं. मग खाली उतरून चाकांकडे बघितलं. दाराच्या कडेला हात फिरवला. आणि फोन लावला.

"गहिनीनाथ, आईला बाजेवर घालून फाट्यावर आण."

"मालक, गाडी आणा की आत! ट्रॅक्टर येतंय, तुमची तर सहज येती. बाजेला चार माणसं लागतेत. इथं मी आन् माजी कारभारीण."

"अडकली म्हंजे? वढायला पट्टा न्हाई माज्याकडं. तू माणसं बघ, लवकर कर."

अडकली म्हंजे! पट्टा का नव्हता, ते मी खुंटीवरून ऐकलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण रेक्झिनला कुठलं तोंड? आणि तोवर तो काय करत होता, सांगू? सीटवर बसून फडक्यानं डॅशबोर्ड पुसत होता. रडत होता आणि पुसत होता. हात थांबतच नव्हता त्याचा.

बाज फाट्यावर आली तेव्हा साडेदहा वाजले होते. चौघं गुडघ्यापर्यंत चिखलात बरबटलेले. नीलाबाई भिजलेली, तोंड एका बाजूला ओघळलेलं. राजेश्वरनं दार उघडलं, आणि मागून खताच्या रिकाम्या गोण्या काढून माझ्यावर, म्हणजे माझ्या प्लॅस्टिकवर, अंथरल्या. पाच मिनिटं गेली त्यात. गहिनीनाथ बघतच राहिला. "मालक," तो म्हणाला, "आवो आता तरी..." आणि बाजेकडे वळला.

तिला उचलून आत ठेवायला लागले, तर ती अंग आखडायला लागली. बसेचना. डाव्या हातानं काहीतरी चाचपत होती. कुणाला कळेना. मला कळलं. ती पदर शोधत होती. अंथरायला.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात आम्ही सव्वाबाराला पोचलो. आत काय झालं ते मी नंतर ऐकलं, प्रणिताच्या तोंडून, माझ्यावरच बसून ती माहेरी फोन करत होती. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, केव्हा झालं? सात वाजता, राजेश्वर म्हणाला. ते म्हणाले, रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. साडेअकराच्या आत आणलं असतं तर देता आलं असतं. प्रयत्न करून बघितला असता. जीव वाचला नीलाबाईचा. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं.

"आणि अडकली असती तर अडकली असती!" प्रणिता फोनवर रडत म्हणाली. "गाडीच हाय ना ती!"

आठ दिवसांनी राजेश्वर आईचे कपडे आणायला शेतावर निघाला. पाऊस चालूच होता, चिखल आधीपेक्षा जास्त. फाट्यावर तो थांबला नाही. गाडी सरळ पाणंदीत घातली. चारही चाकांनी चिखल उडवला, काचांवर उडवला, फिल्मवर उडवला, आणि कुठं अडकली नाही की घसरली नाही. दहा मिनिटांत दारात! गाडी बंद करून तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. मग त्यानं गाडीची किल्ली काढून घेतली आणि माझ्यावरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. खाली ती पाच बोटं तशीच होती, पिवळीधमक.

आता दर मंगळवारी तो आईला व्यायामासाठी अंबाजोगाईला नेतो. गाडी धूत नाही. मॅट काढून टाकल्या, पायरीवरचा कागदही गेला. उशिरा आलेलं शहाणपण आहे, मी त्याचं काय करू? नीलाबाई मात्र बसायच्या आधी थांबते. डाव्या हातानं पदर ओढते, सीटवर अंथरते, सुरकुत्या काढते, मग बसते. "आई, राहू दे गं. बस तशीच," तो म्हणतो. ती मान हलवते, नाही. तोंडातून लाळ गळते. एखादा थेंब माझ्यावर पडलाच, तर ती घाबरून त्याच्याकडे बघते आणि पदरानं पुसते.

मागच्या मंगळवारी त्यानं तिचा उजवा हात उचलला आणि एकेक बोट त्या हळदीच्या बोटांवर ठेवलं. बरोबर बसली पाचही. "आई, धर," तो म्हणाला. "धर ना गं घट्ट." त्यानं हात सोडला, आणि तो तिच्या मांडीवर घसरला. तिनं डाव्या हातानं ती जागा लगेच पुसून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आमची काळजी घ्या म्हणून तुमच्या विनवण्या करतात. मी तसं म्हणणार नाही. माझ्यावर बसा, चिखलाच्या पायांनी बसा, खा, सांडा, ओका. मला धुता येतं. मी फाटलो तर आश्रुबा दुसरा शिवेल. फक्त ज्याच्यासाठी मला आणलं, त्याला माझ्यावरून कधी ओरडू नका.

आज मंगळवार आहे. दार उघडलं गेलंय. नीलाबाई काठी टेकत गाडीपाशी आली आहे, आणि राजेश्वरनं काठी हातात घेतल्याबरोबर तिचा मोकळा झालेला डावा हात पदराकडे गेला आहे.