कागद का थरथरला

त्या रविवारी बोर्ली पंचतनच्या बाजारामागच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दिवेआगर, वेळास, आडगाव, कुठून कुठून माणसं आली होती. पुढे बायका सतरंजीवर, मागे पुरुष भिंतीला टेकून, आणि सगळ्यांचे डोळे स्टेजवरच्या एका कोऱ्या कागदावर.

स्टेजवर देवाचा फोटो नव्हता, उदबत्ती नव्हती, हार-तुरे नव्हते. माणसाच्या शरीराचा मोठा तक्ता, काचेच्या बरण्या, एक तराजू, आणि पांढरा कोट घातलेले शिवदासजी. निसर्गोपचारतज्ज्ञ अशी त्यांची ओळख. ती त्यांनीच करून दिली होती.

पंधरवड्यापूर्वीच्या शिबिरात त्यांनी सगळ्यांना ‘मनशुद्धी चूर्ण’ दिलं होतं. आज परीक्षा होती. एकेकानं स्टेजवर यायचं, हात पुढे करायचा, बोटं ताठ, आणि बोटांवर शिवदासजी कागद ठेवायचे. कागद स्थिर राहिला की ते म्हणायचे, “शरीर शुद्ध आहे,” आणि लोक टाळ्या वाजवायचे.

मग मोरूदादा आला. आतल्या गावातला भातशेती करणारा, दणकट माणूस. त्याच्या बोटांवर कागद ठेवला आणि तो फडफडायला लागला.

“डोक्याच्या गोळ्या घेता ना?” शिवदासजींनी हळूच विचारलं.

मोरूदादाचा चेहरा उतरला. “व्हय. पन तुम्हाला कुनी सांगितलं? माझ्या घरात बी कुनाला ठावं न्हाय.”

“कागदानं सांगितलं. चूर्णानं आतलं केमिकल पकडलंय, आता ते बाहेर पडायला धडपडतंय. घाबरू नका. चूर्ण दुप्पट करा.”

लोकांनी आ वासला. रत्नपाल सर मागच्या भिंतीजवळ उभे होते, त्यांनीही वासला. आणि ही गोष्ट त्यांचीच आहे.

रत्नपाल सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. दरवर्षी शाळेत बुवाबाजीच्या युक्त्या करून दाखवायचे, लिंबातून रक्त काढायचे, पाण्यानं दिवा पेटवायचे आणि नंतर त्यामागचं रसायन फळ्यावर लिहायचे. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हाच घरातले देव गेले होते. आपल्या घरात तिसऱ्या पिढीत कुणी अंगारा खाल्लेला नाही, हे सर कुणीही न विचारता सांगायचे. म्हणून तर फसले. बुवा म्हटला की तो दाढी वाढवून, राख फासून येणार, एवढंच त्यांनी गृहीत धरलं होतं. हा दाढी करून आला, “जय भीम, सर” म्हणाला आणि तराजू मांडून बसला. सरांनी दार सताड उघडलं.

त्यांची बायको रचना गेल्या वर्षी आजारी पडली होती. ताप नाही, खोकला नाही. पण सकाळी उठून केस विंचरायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. भिंतीकडे तोंड करून ती दिवसचे दिवस पडून राहायची. अलिबागच्या डॉक्टरांनी नैराश्याचा आजार सांगितला, गोळी सुरू केली. दीड-दोन महिन्यांत ती हळूहळू उठली. भाताचा कुकर लावताना गुणगुणायला लागली तेव्हा सर स्वयंपाकघराबाहेर उभे राहून रडले होते.

पण गोळीची त्यांना लाज वाटायची. पुडी ते शर्टांच्या खाली लपवून ठेवायचे. स्टाफरूममध्ये कुणाला कळलं तर काय म्हणतील, ही धास्ती. पहिल्या शिबिरात त्यांनी शिवदासजींना बाजूला घेऊन गोळीचं सांगितलं, आणि शिवदासजींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. “सर, मी डॉक्टरांच्या विरोधात नाही. गोळी घेऊ द्या. सोबत चूर्ण द्या. गोळी आपोआप सुटेल. आणि झाडपाल्याला कधी साइड इफेक्ट असतो का?”

धोतराही झाडच, कण्हेरही झाडच. इतकी साधी गोष्ट त्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकाला आठवली नाही.

“मला बरं वाटतंय ना? मग हे कशाला?” रचनानं विचारलं होतं.

“गोळी सुटली तर चांगलंच ना?”

“बरं. तुमच्यासाठी घेते.”

आणि आता ती स्टेजवर गेली. तिच्या बोटांवरचा कागद फडफडला नाही, सरळ खाली पडला. हात इतका कापत होता. शिवदासजींनी कौतुकानं मान हलवली. “ह्या ताईंचं शरीर फार लवकर प्रतिसाद देतंय.” रचनाच्या कपाळावर घाम होता. घरी येताना ती रिक्षात म्हणाली, “अहो, चार दिवस मला आतून फार घाबरल्यासारखं होतंय.” सर म्हणाले, “विष बाहेर पडतंय, म्हणून.” आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं दुप्पट चूर्ण कोमट पाण्यात ढवळून तिला दिलं, सकाळी पुन्हा दिलं.

सोमवारी दुपारी शाळेत शेजारणीचा फोन आला. सर धावत घरी पोचले. रचना घामानं निथळत होती, अंग भाजत होतं, पाय आपोआप झटके देत होते. जुलाब झाले होते. ती त्यांच्याकडे बघत होती, पण नजरेत ओळख नव्हती. “दार लावा, दार लावा,” एवढंच म्हणत होती. दार लावलेलंच होतं.

सरकारी दवाखान्यात भक्ती नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग रचनाचं पाऊल हातात धरून वरच्या बाजूला दाबलं. पाऊल त्यांच्या हातात आपोआप ठोके देत राहिलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला.

“कोणतं औषध चालू आहे?”

सरांनी खिशातून गोळ्यांची पुडी काढून दाखवली.

“सोबत आणखी काही?”

“नाही.”

“खोकल्याचं औषध? दुखण्याची गोळी?”

“नाही, मॅडम. दुसरं काहीही नाही.”

सर खोटं बोलत नव्हते. चूर्ण हे औषध आहे, असं त्यांच्या मनात आलंच नाही. डॉक्टरांनी नर्सला सलाइन लावायला सांगितलं आणि पुन्हा वळून उभ्या राहिल्या. “सर, औषध म्हणून नका विचार करू. पोटात काय काय गेलं ते सांगा. काढा, पावडर, मुळी, काहीही.”

तेव्हा कुठे सरांच्या तोंडून निघालं, “एक चूर्ण आहे. पण ते आयुर्वेदिक आहे.” म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांपुढे रचनाच्या बोटांवरून पडलेला कागद आला. ते भिंतीला धरून खाली बसले.

रचनाला अलिबागला हलवलं. गोळी आणि चूर्ण दोन्ही बंद केलं. दोन दिवस तिचं काय होईल हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. आणि सर अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकड्यावर बसून होते, दुप्पट चूर्ण ढवळणारा स्वतःचा हात बघत. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना ओळखलं.

मग भक्ती डॉक्टरांनी फोनवर नीट समजावलं. “ही गोळी मेंदूत एक रसायन वाढवते, त्यानं मन सावरतं. काही वनस्पती तेच रसायन वाढवतात. परदेशातल्या एका पिवळ्या फुलाच्या झाडाबद्दल तर हे पक्कं माहीत आहे. पिंपात एक नळ मोजून सोडलेला असताना तुम्ही दुसरा पूर्ण सोडलात. पिंप वाहणारच. हात कापणं, घाम, घाबरणं, ताप, हे सगळं त्या वाहण्याचं लक्षण. विष बाहेर पडत नव्हतं, सर. आत साचत होतं.”

“मग चूर्ण नुसतं घेणाऱ्यांना काही झालं नाही, ते?”

“त्यांचा एकच नळ सुरू होता.”

सर त्याच दिवशी मोरूदादाकडे गेले आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन आले. त्याचं चूर्ण थांबलं, गोळी चालू राहिली.

पुढच्या शिबिराला हॉल आणखी भरला होता. सर मोरूदादाला घेऊन स्टेजवर चढले. शिवदासजींनी ओळखीचं हसू केलं. सरांनी टेबलावरचा कागद उचलून मोरूदादाच्या बोटांवर ठेवला. कागद जागचा हलला नाही.

“बघा,” शिवदासजी गर्दीकडे वळले, “विष निघून गेलं.”

“मोरूदादा, गोळी कधी घेतलीस?”

“आज सकाळीच. रोज घेतो.”

“आणि चूर्ण?”

“धा दिस झालं, बोटाला बी लावलं न्हाय.”

सर लोकांकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखा वर्गातला नव्हता, फाटका होता. “गोळी पोटात आहे आणि हात स्थिर आहे. म्हणजे हात गोळीनं कापत नव्हता. गोळीवर चूर्ण पडलं म्हणून कापत होता. हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. स्वतःच्या घरात मी ते करून बघितलं नाही. माझी बायको मरता मरता वाचली. शिवदासजी, चूर्णात काय आहे?”

“निसर्ग आहे, सर.”

“नाव सांगा.”

शिवदासजींनी नाव सांगितलं नाही. त्यांना कदाचित खरंच ठाऊक नसावं. चूर्ण ते परदेशी डब्यांतून आणून पाकिटांत भरायचे. डॉक्टरांनी तपासणीला पाठवलेल्या पाकिटात त्याच पिवळ्या फुलाचा अर्क निघाला. गोळ्या घेणाऱ्यांचे हात कापतात एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं होतं. दुसरा माणूस असता तर घाबरून थांबला असता. ह्यांनी त्यावर खेळ बसवला. डॉक्टरांनी आधीच कळवलेले पोलीस आले, बरण्या गेल्या. लोक मात्र बराच वेळ हॉलमधून हलले नाहीत. मागून एका बाईनं चाचरत विचारलं, “सर, मी बी गोळी घेते. मी काय करू?” सरांनी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी मनानं बंद करू नका, असंही बजावलं.

रचना घरी आली. गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली, अगदी थोडीपासून. एका संध्याकाळी सरांनी वहीचं पान फाडून तिच्या बोटांवर ठेवलं. कडा अजून किंचित हलत होती. गुणगुणणं परतलेलं नव्हतं.

“मला गोळीची लाज कधीच नव्हती,” ती कागदाकडे बघत म्हणाली. “तुम्हाला होती. ती झाकायला ते चूर्ण मी प्यायले.”

सरांनी शर्टांखालची पुडी काढली आणि फडताळावर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

आता ते वर्गात लिंबातून रक्त काढून झालं की आणखी एक गोष्ट सांगतात. देव नाही म्हणजे बुवा नाही, असं समजू नका. झाडापासून आलं म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. जो पुरावा दाखवेल त्याला विचारा, हे आणखी कशानं होऊ शकतं? आणि डॉक्टरांनी काय घेता विचारलं, तर काढा, चूर्ण, मुळी, सगळं सांगा. लाज वाटली तरी सांगा.