एकदा चुकीचं वाच

शुभांगीबाईंच्या तिसरीच्या वर्गात अलिजाइतकी रंगवून गोष्ट सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. पुस्तक उघडलं की मात्र तिची वाचा बसायची. घ आणि ध, भ आणि म, सगळी अक्षरं तिला सारखीच दिसायची.

माकणीजवळच्या त्या शाळेत कुणाला ऐकून कळायचं, कुणाला चित्रं बघून, तर कुणाला वस्तू हातात घेतल्याशिवाय काहीच नाही. बाई घरी गेल्यावर मोबाईलवर शिक्षकांचे व्हिडिओ धुंडाळायच्या. टाळ्या वाजवत शब्द फोडायचा खेळ त्यांना तिथंच मिळाला, अंगणातली अक्षरांची लंगडीही तिथलीच. अलिजासाठी खरखरीत कागदाची अक्षरं सापडली. तिचे वडील पाशामियाँ सुतारकाम करायचे. त्यांनी उरलेला पॉलिशपेपर पिशवीभर पाठवला. बाईंनी अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. अलिजा डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायची अन् अक्षर म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीआधी ती अडखळत का होईना, धडे वाचू लागली.

केंद्रप्रमुखांच्या कानावर हे गेलं. "मॅडम, शिक्षण परिषदेत हा उपक्रम तुम्हीच दाखवायचा. आधी कशी वाचत होती, आता कशी वाचते, असा व्हिडिओ करून आणा," ते म्हणाले.

आधीचं चित्रीकरण बाईंनी केलंच नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी अलिजाला थांबवून घेतलं. "पहिल्यांदा वाचायचीस ना, तसं एकदा चुकीचं वाच."

"मुद्दाम?"

"व्हिडिओपुरतं गं. अन् कुणाला सांगू नकोस."

अलिजानं मान हलवली. "माझ्या धरात धागर," तिनं वाचलं. मग तेच वाक्य नीट वाचलं: माझ्या घरात घागर. बाईंनी दोन्ही तुकडे जोडले आणि कौतुकानं पालकांच्या ग्रुपवर टाकले.

कुणीतरी त्यातला पहिला तुकडाच कापून घेतला, त्याला हसण्याचा आवाज जोडला आणि पुढं पाठवला. बाईंना याचा पत्ता नव्हता. अलिजा शाळेत येईना, तेव्हा ताप असेल असं त्यांना वाटलं. शेवटी वर्गातली प्रतीक्षा म्हणाली, "बाई, तिला सगळे धागर म्हणतेत. ती कळंबला लग्नाला गेली, तर तिथं पण म्हणाले."

प्रतीक्षाच्या आईच्या मोबाईलवर बाईंनी तो तुकडा पाहिला. शाळा सुटताच त्या पाशामियाँच्या घरी गेल्या.

दारात अलिजाची दादी मदिनाबी बसली होती. बाईंना बघून ती लगबगीनं उठली. "पोरीचं चुकलं, बाई. तुमी एवढी मेहनत घेता अन् तिनं तुमचं नाव घालवलं. माफ करा."

पाशामियाँनी रंधा खाली ठेवला. "माझा फोन साधा. लग्नात कुणीतरी तेवढाच तुकडा दाखवला अन् म्या तिच्यावर हात उचलला, मॅडम. बाई तुझ्यासाठी एवढं राबतात अन् तू असं वाचतीस, म्हणून."

अलिजा आत दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती बाईंकडं बघत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

तिला मार पडला होता, तरी तिनं सांगितलं नव्हतं. बाई ओट्यावरच बसल्या.

"दादी, तिचं काहीच चुकलं नाही. तिला वाचता येतं. मी तिला मुद्दाम चुकीचं वाचायला लावलं. कुणाला सांगू नको, असंही मीच म्हटलं."

पाशामियाँ हळूच म्हणाले, "म्हणजे पोरगी खरं सांगू शकत होती, अन् म्या तिला विचारलं बी न्हाय." त्यांनी अलिजाला जवळ बोलावलं. ती आली नाही. दादीच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.

बाईंनी त्याच दिवशी ग्रुपवर आपला चेहरा दाखवून सगळं सांगितलं. केंद्रप्रमुखांचा फोन आला. "एवढं जाहीर करायची काय गरज होती, मॅडम? आता परिषदेत दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं लागंल." बाई फक्त "हो सर" म्हणाल्या.

सोमवारी अलिजा दादीचा हात धरून शाळेत आली. बाईंनी सगळ्या मुलांसमोर तिची माफी मागितली. मुलं आधी खिदळली, मग गप्प झाली. धागर म्हणणं वर्गात तरी थांबलं. तिच्या वाचायच्या पाळीला अलिजा पुस्तक घेऊन उठली आणि तिनं हळूच विचारलं, "बाई, बरोबर वाचायचं ना?"

"हो गं. बरोबरच."

तिनं वाचलं. बाईंना पानावरचं काही दिसत नव्हतं.

पुढं कधीतरी अणदूरच्या त्यांच्या मावसबहिणीनं तोच तुकडा त्यांना पाठवला. "बघ गं, काय शिकवतेत आजकाल!" असं खाली लिहिलं होतं. बाईंनी तिला फोन लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.