कोरे फोटो

सामान न्यायला ट्रक सात वाजता येणार होता. सूर्य सहा सत्तेचाळीसला मावळणार होता. मधल्या उजेडात मला बाबांचं एक काम पुरं करायचं होतं.

आर. के. पुरममधल्या आमच्या क्वार्टरमागे छोटंसं अंगण आहे. तिथून बाबांनी यंदाच्या थंडीतल्या एकोणीस रात्री मिथुन राशीतल्या एकाच तेजोमेघाचे फोटो घेतले. मरणाऱ्या ताऱ्याने झटकून टाकलेला वायूचा पापुद्रा, इतका फिका की दिल्लीच्या उजेडात दुर्बिणीतूनही डोळ्याला दिसत नाही. तासन्‌तासांचे फोटो एकावर एक रचले, तरच तो उमटतो. राहिले होते फक्त कोरे फोटो. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून संध्याकाळच्या आकाशाचे घ्यायचे. दुर्बिणीतल्या आणि कॅमेऱ्यातल्या धुळीचे डाग त्यांत जसेच्या तसे येतात, आणि मग ते खऱ्या फोटोंतून काढून टाकता येतात. नाहीतर मेघ डागांतच हरवतो. अट एकच, तोवर कॅमेरा हलवायचा नाही.

ज्या दिवशी संध्याकाळी ते हे करणार होते, त्याच दिवशी सकाळी बाबा गेले. त्यानंतर सात आठवडे मी अंगणाचं दार उघडलं नव्हतं.

आज उघडलं. दुर्बिणीवरचं प्लास्टिक काढलं. कॅमेरा नव्हता.

"आई! कॅमेरा कुठंय?"

"तांदळात." ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

आमच्या घरात प्रत्येक बदलीला नाजूक वस्तू तांदळाच्या डब्यातून जाते. बुद्धांची काचेची मूर्ती, घड्याळ, एकदा तर थर्मामीटरसुद्धा. मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बाबांच्या लोकरी मोज्यात कॅमेरा होता.

"पुसलास का?"

"पुसणार होते."

"आई, हो की नाही सांग."

"नाही पुसला. एकदा पुसला होता तर तुझे बाबा दोन दिवस बोलले नव्हते. त्याच्या छोट्या नळीसकट काढलाय, तोंडाला झाकण लावलंय, वर मोजा. अकरा बदल्या केल्यात मी, श्रावस्ती. मला शिकवू नकोस."

म्हणजे धूळ जागच्या जागी होती. हलला होता तो फक्त दुर्बिणीशी असलेला कॅमेऱ्याचा कोन.

सहा बावन्न. अंदाजाने कॅमेरा बसवला, लॅपटॉप जोडला. आईने बाबांचा पांढरा सदरा आणला, जयंतीला घालायचे तो. तिने तो दुर्बिणीच्या तोंडावर ताणून धरला. पहिला कोरा फोटो घेतला आणि बाबांच्या एका फोटोवर लावून पाहिला. डाग गेले नाहीत, दुप्पट झाले. धुळीच्या प्रत्येक काळ्या कड्याशेजारी एक पांढरं कडं.

थोडा फिरवला. पुन्हा तेच. उलट फिरवला. आणखी वाईट.

"मैडम, गाड़ी लग गई," फाटकातून मुकादम ओरडला. "ये तोप भी जाएगी?"

"भैया, दस मिनट. इसे हाथ मत लगाना!"

आकाश राखाडी होत चाललं होतं. उद्या किल्ली द्यायची होती. एकदा दुर्बीण सुटी झाली की हे डाग पुन्हा याच जागी येणार नव्हते.

"तू काढलास कशाला गं?" माझा आवाज चढला. "विचारायचं तरी!"

"कोणाला विचारायचं? सात आठवडे तू इकडे फिरकलीस का?"

मी पुन्हा स्क्रू सैल केला.

"ते ठिपके जुळवलेस का?" तिने विचारलं.

"कुठले ठिपके?"

"माझं नेलपॉलिश न्यायचे ना. यार, अहिल्या, बस दोन थेंब, म्हणायचे. अख्खी बाटली संपवली."

मोबाइलचा टॉर्च लावला. दुर्बिणीच्या मागच्या टोकावर एक लाल ठिपका, कॅमेऱ्याच्या कड्यावर दुसरा. मध्ये बोटभर अंतर. मी श्वास रोखून कडं फिरवलं आणि ठिपक्याला ठिपका भिडवून स्क्रू आवळला.

"घट्ट धर."

"धरलाय."

फोटो उतरला. बाबांच्या त्याच फोटोवर लावला. डागांची कडी गेली, सगळी. मागे उरलं ते सपाट, करडं आकाश आणि त्यावरचे तारे.

अंधार पडेस्तोवर आणखी चोवीस घेतले. मुकादमाने दोनदा हॉर्न वाजवायला लावला.

"दिसला का तो?" आईने विचारलं.

"इतक्यात नाही. सगळ्या रात्री रचाव्या लागतील. गाझियाबादला माझ्या घरी गेल्यावर."

"पण जमेल?"

"जमेल."

तिने सदऱ्याची घडी घातली. मग मोजा उलगडून माझ्यापुढे धरला.

"दे मग इकडे," ती म्हणाली, आणि डब्यातला तांदूळ हाताने बाजूला सारून तिने जागा केली.